बावखलात सुटलेली नावे

वसईच्या सांडोर गावात, केळीच्या बागांच्या हिरव्या उजेडात, बेसिल नावाचा एक गृहस्थ राहतो. वाचकहो, या वाक्यातला शेवटचा शब्द जरा सावकाश वाचा. राहतो! तुम्हीआम्ही जन्मलो तिथे राहतो, त्यात आपला पराक्रम कोणता? बेसिलचे तसे नाही. त्याने आपले राहणे मिळवले आहे. आणि मिळवले तेही कशाच्या बळावर? फ्रान्स देशातल्या एका तांबड्या वाइनच्या, आपल्या बापाच्या बागायती शहाणपणाच्या, बायकोच्या कोंबडीच्या रश्श्याच्या आणि एका बदकाच्या बळावर! देवाला कोणाला घरी पोहोचवायचे असले, की तो कोणते वाहन पाठवील याचा काही नेम नाही.

बेसिल जहाजावर होता. मोठे पांढरेशुभ्र प्रवासी जहाज, त्यात झुंबरांचे जेवणघर, आणि त्या जेवणघरात काळा कोट घालून मेजामेजावर वाइन वाढणारा आपला सांडोरचा बेसिल. काम मानाचे, पगार चांगला, आणि घर मात्र समुद्रापलीकडे. वर्षातले बहुतेक महिने तो पाण्यावर आणि त्याची बायको फ्लॉसी जमिनीवर. लेक विनिता हिच्या बाप्तिस्म्याला तो समुद्रावर, तिच्या साखरपुड्याला समुद्रावर. लग्नाला तेवढा धापा टाकत पोहोचला. ती नाशिकला नांदायला गेली, आणि मग नाताळचा गोठा मांडताना फ्लॉसीच्या हाताखाली गवत द्यायलाही घरात कोणी उरले नाही. ती तक्रार करीत नसे. बाळ येशूच्या शेजारी योसेफाची मूर्ती ठेवताना फक्त म्हणे, "बघ रे बाबा, तू तरी घरी आहेस."

हे वाक्य शेजारच्या शांतारामने एकदा ऐकले, आणि सुटीवर आलेल्या बेसिलला सांगितले. त्या दिवसापासून बेसिलच्या मनात एकच ध्यास. घरी यायचे! कायमचे यायचे! पण येऊन करायचे काय? बापाची बाग भावांत वाटली गेलेली, हातात विद्या एकच, वाइनची. आणि सांडोरात वाइनची विद्या विकत घेणार कोण? इथे घरोघरी मनुका आणि साखर घालून वाइन होते, आणि प्रत्येक घराला आपलीच जगात सर्वांत गोड वाटते.

तो पुन्हा जहाजावर गेला आणि तेवढ्यात बांद्र्याहून त्याचा मामेभाऊ हिलरी फोनवर गरजला. हिलरी म्हणजे देहाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस, आणि मनाने उदार माणूस. त्याने परदेशी वाइन मागवून मोठ्या हॉटेलांना पुरवण्याचा धंदा नुकताच मांडला होता.

"बेसिल, मॅन, सगळे मला बरगंडी मागतात. लाल बरगंडी! आणि भाव ऐकला की पाणी मागतात."

"मग नावाच्या मागे कशाला लागतोस? मी स्वस्तात चांगली शोधून देतो. कोणी ऐकली नसतील अशा घरांतून."

"कोणी ऐकलं नसेल ते विकू कसं? हॉटेलवाला आधी नाव चाखतो, मग वाइन."

"तू चाखून तर बघ!"

हिलरी म्हणाला, "एक काम कर. येताना तुझी रत्नं घेऊन ये. मी माझ्याकडची एक महाराणी, सगळ्यांत महाग बरगंडी, आणतो. तिच्याच मेजावर तुझी एक तरी टिकली, तर तू माझा शोधक. थोडे आठवडे फ्रान्स, बाकी सगळा काळ तुझं सांडोर. नाही टिकली, तर मला वचनात धरू नकोस."

झाले! बेसिलच्या पायांत वारे शिरले. त्याला आनंद झाला की तोंडाआधी त्याचे पाय बोलत. जहाजाच्या अरुंद वाटेत तो असा नाचत गेला, की समोरून सूप घेऊन येणारा गोव्याचा वाढपी भिंतीला चिकटला.

पुढे जहाज दुरुस्तीसाठी फ्रान्समधल्या मार्सेयच्या गोदीत थांबले, आणि बेसिल आगगाडीत बसून उत्तरेला, त्या वाइनच्याच प्रांतात, बरगंडीत उतरला. काय तो प्रदेश! लांबच लांब एक उतरती टेकडी, आणि तिच्या अंगावर द्राक्षवेलींच्या ओळी, जशा शांत माणसाच्या कपाळावरच्या रेघा. मध्ये दगडी कुंपणे, कुंपणाआड तुकडे, आणि तुकड्यातुकड्याला नाव. एका तुकड्याच्या वाइनचा भाव असा, की तिच्या एका खोक्यात वसईत दुभती म्हैस दावणीला येईल. लोक त्या कुंपणाशी उभे राहून फोटो काढत होते. बेसिलने मात्र खाली वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, आणि त्याला आपला बाप आठवला.

बाप राजेळी केळी वाळवून सुकेळी करणारा. उभ्या बागा खरेदी करायचा. नामांकित बागेत तो आदराने फिरायचा, मालकाच्या हातचे पाणी प्यायचा आणि सौदा न करताच बाहेर पडायचा. मग बांधाबांधाने चालत राहायचा. नाव जिथे संपते आणि माती जिथे संपत नाही, ती जागा शोधायचा. "वाळवलं की केळ्यातलं पाणी जातं," तो बेसिलला सांगायचा, "आणि पाण्याबरोबर मालकाचं नाव पण जातं. मागे राहते ती माती आणि मेहनत. ती चाखून घ्यायची."

बेसिलने तेच केले. बांध धरला आणि चालत सुटला. मोठ्या नावांच्या अगदी लगतच्या कुंपणाआड त्याला आशा होती, पण शेजारच्या नावाची सावली तिथल्या भावावरही पडलेली. तेव्हा तो टेकडीच्या शेपटाकडे निघाला. पर्यटकांची बस जिथून मागे वळते त्याच्या पुढे. दुपारी मजूर जेवायला बसले की हा जवळ जाऊन हातवारे करी: तुमच्या डब्यासोबत काय पिता? कोणाची? ते हसत, दाखवत. असे करत झिव्री गावात एक बाटली मिळाली, सांतनेत दुसरी. दोन्ही छान, दोन्ही प्रामाणिक. आणि मग, टेकडी जिथे दमून खाली बसते त्या मारांज नावाच्या वस्तीत, त्याला मादाम गिल्मो भेटल्या.

विधवा बाई. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. पिकाचा मोठा भाग व्यापाऱ्यांना घाऊक देणाऱ्या. स्वतःच्या नावाने भरायच्या त्या अगदी थोड्या बाटल्या. त्यांनी तळघरात नेऊन पिंपातून काचेच्या नळीने थोडी वाइन काढली आणि पेल्यात सोडली. रंग असा पातळ तांबडा, की पलीकडे मेणबत्ती दिसावी. बेसिलने घोट घेतला. आधी रानातले आंबटगोड फळ, मग ओली माती, आणि मग, अहो काय सांगावे, केळीचा घड उतरवल्यावर कापल्या जागेतून जो गार हिरवा वास येतो ना, तो! मार्सेयपासून दूर, त्या थंड अंधाऱ्या भुयारात त्याला सांडोर भेटले. त्याला फ्रेंच शब्द आठवेना. तेव्हा त्याने पिंपावर खडूने केळीचे झाड काढले, त्याकडे बोट केले, पेल्याकडे बोट केले, आणि नाचायला लागला.

मादाम गिल्मोंनी जन्मात केळीचे झाड पाहिले नव्हते. पण आनंद त्यांना ओळखता येत होता. त्यांनी कपाळाला हात लावला, खो खो हसल्या, आणि पेला पुन्हा भरला.

अशा रीतीने झिव्री, सांतने आणि मारांज अशा तीन बाटल्या, लोकरी मोज्यांत गुंडाळून, कस्टमचा कर रीतसर भरून, दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात सांडोरला पोहोचल्या. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर हिलरी जेवायला येणार होता. मोठ्या वाइनला प्रवासानंतर विसावा लागतो, म्हणून त्याने आपली महाराणी शनिवारीच ड्रायव्हरच्या हाती पुढे पाठवली. आणि सोमवारी? सोमवारी बेसिलला पुन्हा जहाजाचे बोलावणे होते. फ्लॉसीने त्याची मोठी पेटी कपाटावरून काढून ओटीवर उघडी टाकली होती, हवा लागायला. तिच्याकडे दोघेही बघत नव्हते. फक्त घरचे पांढरे बदक तिच्याभोवती फेऱ्या घालून आत डोकावत होते.

शनिवारी दुपारी वीज गेली.

मे महिना, वसईचा घामट उकाडा, आणि वीज येण्याचे चिन्ह नाही. फ्रिजमधला बर्फ विरघळून ओट्यावर ओघळ आला. बेसिल त्या चार बाटल्यांपाशी, तापाने फणफणलेल्या लेकरांपाशी बसावे, तसा बसला. पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

"माणसांना घाला जरा," फ्लॉसी पदराने मान पुसत म्हणाली.

बांधापलीकडून शांताराम आला. गळ्यात माळ, खांद्यावर पंचा, वयाने बेसिलहून मोठा, आणि दारूच्या वासालाही न शिवलेला. त्याची बाग आणि बेसिलच्या घराची परसबाग यांत एक बावखल. म्हणजे झाडांना पाणी घालायला पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. दोन्ही घरे त्याच पाण्यावर वाढलेली.

"काय झालं रे बेसिल? कोन आजारी हाय?"

"शांतारामभाऊ, वीज नाही. या तापल्या तर नासतील. उद्या माझं काय होईल?"

शांतारामने बाटल्यांकडे लांबूनच पाहिले. "आमच्या म्हशीचं दूध नासतं तवा आमी काय करतो? कासंडी पान्यात सोडतो. बावखल कशाला हाय? तळाचं पानी वैशाखात बी गार."

"भाऊ!" बेसिल उठून त्याला मिठीच मारायला धावला.

"लांबून, लांबून! माळ हाय गळ्यात."

बेसिलने चारी बाटल्या वेताच्या पाटीत आडव्या निजवल्या, वर जाळे बांधले, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होत असताना पाटी दोराने बावखलात सोडली. पाणी हलले, पुन्हा स्थिर झाले. त्यावर नारळाच्या झावळ्यांचे प्रतिबिंब डुलू लागले. "तळघर!" बेसिल म्हणाला. "भाऊ, हे तर मारांजचं तळघर!" आणि काठाकाठाने नाचला.

आता पाहा, या माणसाने आयुष्यभर बर्फाच्या पाण्यात बाटल्या बुडवल्या होत्या. कागद पाण्यात काय करतो, हे त्याला ठाऊक नव्हते का? होते. पण मेजावरचे पाणी घटकाभराचे, आणि बावखलाचे पाणी रात्रभराचे. आनंदाच्या भरात एवढा फरक विसरला, बिचारा!

रविवारी मिस्साहून परतल्यावर, नव्या सदऱ्याच्या बाह्या वर करून, त्याने दोर ओढला. पाटी वर आली. पाणी गाळत, उन्हात चमकत, चार बाटल्या. स्वच्छ, गार, देखण्या. आणि नितळ उघड्या!

एकीच्याही अंगावर चिठोरे नाही. खांदे सारखे, कंबर सारखी, टोपणे एकाच तांबड्या रंगाची. बरगंडीत बाटलीचा आकार सर्वांचा एकच. महाराणीचा आणि मजुराचाही.

"फ्लॉसी!"

फ्लॉसी धावत आली. पाहिले, आणि तोंडावर हात ठेवला. "कोणती कुणाची?"

"देवाला ठाऊक!"

"मग तिथेच विचारायचं होतं. आताच तर जाऊन आलात."

बावखलात कागद तरंगत होते. शेवाळात गुंतलेले, फाटलेले, एक बेडकाच्या खाली. आणि काठावरून, मान ताठ करून, शेपटी हलवत, घरचे बदक चालले होते. त्याच्या पांढऱ्या पाठीवर, सोनेरी अक्षरांचे आणि राजमुकुटाचे, हिलरीच्या महाराणीचे लेबल सपाट चिकटलेले!

बेसिल मटकन खाली बसला. रडावे की काय, त्याला कळेना. तेवढ्यात बदकाने पंख झटकले, लेबल काही सुटेना, आणि ते असे काही ऐटीत चालत पुढे गेले, की फ्लॉसीला हसू फुटले. तिचे पाहून, आरडाओरडा ऐकून आलेल्या शांतारामला. मग बेसिललाही. तिघे काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि बेसिलच्या त्या पाण्यात थोडे खारट भय मिसळले होते हे फक्त फ्लॉसीला दिसले.

"उठा," ती म्हणाली. "नावं गेली म्हणून चव थोडीच गेली?"

हिलरी आला. गाडीतून उतरताच दोन्ही हात पसरून म्हणाला, "वहिनी, वास काय सुटलाय! कुठे आहे माझी महाराणी?"

शांतारामने निरागसपणे बदकाकडे बोट दाखवले.

हिलरीने पाहिले. जवळ जाऊन पाहिले. वाकून त्या पाठीवरचे नाव मोठ्याने वाचले. बदक क्वॅक म्हणाले. हिलरीचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा.

"बेसिल! तू तिला डबक्यात आंघोळ घातलीस?"

"डबकं नाय," शांताराम शांतपणे म्हणाला. "बावखल हाय. आज्यानं खनलेलं."

हिलरीच्या पोटातून हसण्याची अशी लाट आली, की तो ओटीच्या खांबाला टेकला. "ओके! ओके, मॅन! आता तर मजा आहे. आता माझ्या महाराणीला पण रांगेत उभं राहावं लागणार!"

सूत्रे फ्लॉसीने हाती घेतली. स्वयंपाकघरात जाऊन तिने चारी बाटल्या उघडल्या आणि पाहुण्यांसाठीच्या चार काचेच्या सुरयांत ओतल्या. ओळखीसाठी एकीच्या कानाला जास्वंद बांधली, दुसरीला आंब्याचे पान, तिसरीला सोनचाफा, चौथीला अबोली. प्रत्येकीचे बूच न वाचता वेगवेगळ्या वाटीखाली झाकले, आणि वाटीवर तेच फूल, तेच पान. "बुचं शेवटी बघायची," तिने बजावले. "आधी जीभ."

हिलरी चाखू लागला तेव्हा मात्र त्याची थट्टा गळून पडली. तो धंद्यातला जाणकार होता, आणि प्रामाणिक होता. जास्वंदीला मान डोलावली. आंब्याच्या पानाला "हं". सोनचाफ्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले. खूप वेळ मिटलेलेच. "ही माझी," तो हळूच म्हणाला. "बदक काहीही सांगो."

बेसिलने घोट घेतला आणि त्याचा धीर सुटला. होय, तीच. काय ती खोली! जणू मोठ्या देवळात पाऊल टाकावे आणि आपोआप आवाज उतरावा. खोटे बोलणे त्याला जमले नाही. "तुझीच आहे, हिलरी. हिच्या तोडीची दुसरी नाही."

"आणि तुझी ती मारांजची?"

बेसिलने घाईघाईने बाकीच्या तिन्ही चाखल्या. पण जीभ भीतीने बधिर झालेली. कानांत जहाजाचा भोंगा वाजत होता. "ही," तो आंब्याच्या पानाच्या सुरईवर हात ठेवून म्हणाला. "हीच मादाम गिल्मोंची. शंभर टक्के."

हिलरीने ती पुन्हा चाखली. "चांगली आहे, मॅन. खरंच चांगली. पण..." आणि त्याने पेला खाली ठेवला. त्या 'पण'च्या पुढे काय होते, ते सर्वांना कळले. ओटीवर पेटी उघडी होती.

"जेवायला बसा," फ्लॉसी म्हणाली.

मागच्या पडवीत मेजाभोवती बसले. आणि काय ते जेवण! गावठी कोंबडीचा खोबरे भाजून केलेला दाट रस्सा, तांदळाच्या मऊ भाकऱ्या, तेलात तळलेले टम्म फुगे, कोवळ्या केळफुलाची भाजी, आणि शांतारामसाठी वेगळ्या चुलीवर शिजवलेले वालाचे बिरडे आणि कोकमाचे सार. पहिली भाकरी बघता बघता संपली. दुसरीला हिलरीच्या बालपणीची गोष्ट निघाली. तो सांडोरला आला असता याच बावखलात पडला होता आणि शांतारामनेच त्याला केसांनी धरून वर काढले होते.

"तवा बी असाच जड व्हतास," शांताराम म्हणाला.

हास्याचा कल्लोळ झाला. भाकऱ्या आल्या, रस्सा आला, पेले भरले, रिकामे झाले. शांतारामने नुसत्या साराच्या नशेवर ताल धरला आणि पाण्याचे, मातीचे, देवाच्या लेकरांचे एक जुने भजन उचलले; हिलरी चर्चच्या गायनमंडळात खर्ज लावणारा, त्याने शब्द न कळताच खालून सूर धरला; बेसिल आपले दुःख क्षणभर विसरून मेज वाजवू लागला. वर छपरावर ऊन, खाली केळीची सावली, मध्ये ही चार माणसे. स्वर्गाला याहून निराळे फर्निचर लागत असेल असे वाटत नाही!

हिलरीने रश्श्यात भाकरी बुडवली, घास घेतला, आणि बोलता बोलता हात सुरईकडे नेला. सुरई कलती केली. दोन थेंब पडले.

"वहिनी, ही संपली. हीच आणखी आणा ना."

फ्लॉसी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती कधीपासून या वाक्याची वाट पाहत होती.

"भावोजी, आणखी कुठून आणू? एकच बाटली होती. मघापासून बघते आहे, भाकरी मोडली की तुमचा हात तिच्याकडेच. आणि तुमची महाराणी बघा, अर्धी तशीच बसली आहे."

सगळ्यांनी पाहिले. सोनचाफ्याची सुरई गंभीरपणे, अर्धी भरलेली, एकटी उभी होती. जास्वंदीची सुरई कोरडी ठणठणीत!

हिलरी आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याचा आहे. "खरंच की," तो म्हणाला. "ती... ती मोठी आहे. पण ती म्हणते, गप्प बसा आणि माझं ऐका. आणि ही..." त्याने रिकाम्या पेल्यात नाक घातले. "ही म्हणते, तुमचं चालू द्या, मी आहे इथे. अरे, हॉटेलात लोक जेवायलाच येतात! काय नाव हिचं?"

फ्लॉसीने वाट्या आणल्या. सोनचाफ्याखालचे बूच: महाराणीचे नाव, मुकुटासह. हिलरीने मिशीला पीळ दिला. अबोलीखालचे: सांतने. आता उरल्या दोन. आंब्याच्या पानाखालची वाटी तिने उचलली. बुचावर ठळक छाप होती: झिव्री.

"झिव्री?" हिलरी ओरडला. "तू तर म्हणालास मारांज! शंभर टक्के!"

बेसिलचे कान तापले. फ्लॉसीने शेवटची वाटी उचलली. जास्वंदीखालचे बूच. त्याने ते हातात घेतले, फिरवले, उजेडात धरले. वर काही नव्हते. ना नाव, ना चिन्ह, ना अक्षर. छापाची चैन मादाम गिल्मोंना परवडत नव्हती. त्या साधी कोरी बुचे घेत.

"कोरं," बेसिल पुटपुटला. मग त्याला कळले. "कोरं! मादाम गिल्मो! ही त्यांचीच! मारांज!"

"थांब, थांब!" हिलरीने बोट रोखले. "म्हणजे माझा होणारा शोधक स्वतः शोधलेली वाइन ओळखू शकत नाही?"

बेसिलच्या पायांतला नाच तिथेच थिजला. खरेच होते ते. जी वाइन पिऊन तो परक्या तळघरात नाचला, तिलाच त्याने आपल्या घरात परकी ठरवली होती.

उत्तर दिले फ्लॉसीने, भाकरी वाढता वाढता. "भावोजी, ओळखायला तुम्ही आहात ना. एका घोटात ओळखलीत आपली. यांना शोधायला ठेवा. आणि चाखायचं असेल तेव्हा दोघेही इथे जेवायला या. बुचं मी झाकीन."

हिलरीने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा कोऱ्या बुचाकडे, एकदा कोरड्या सुरईकडे. मग मेजावर असा हात आपटला, की सोनचाफा खाली पडला. "डन! आणि वहिनी, तुम्हाला पण ठेवलं!"

अहो, मग काय! बेसिल उठला तो उभाच राहीना, नाचतच सुटला. पडवीतून ओटीवर, ओटीवरून अंगणात, अंगणातून बांधावर. शांतारामने टाळ्या धरल्या. हिलरीने खिशातून मोबाइल काढून ओरडून सांगितले, "त्या बाईला फोन लाव, आत्ता! दुसऱ्या कोणी शोधायच्या आधी!" फ्रान्समध्ये तेव्हा रविवारचे भरदुपारचे जेवण चालले असणार. बेसिलने तिकडून लिहून आणलेला नंबर लावला, घंटा वाजली. पलीकडून काट्याचमच्यांचा आवाज आला, आणि मादाम गिल्मोंचा रागीट "आलो?", म्हणजे आपले हॅलो.

बेसिलचे सगळे फ्रेंच पुन्हा उडाले. हाताशी ना खडू, ना पिंप. केळ्याचा तेवढा एक शब्द उरला. तो नुसता ओरडला, "मादाम! बनान! बनान!"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज, आणि त्या तळघरातले तेच खो खो हसणे, समुद्र ओलांडून, सांडोरच्या अंगणात. "आ, मस्य बनान!" म्हणजे केळेसाहेब! तिकडे त्या हसत होत्या, इकडे हा हसत होता, सौदा कोणीच बोलेना. शेवटी हिलरीने फोन काढून घेतला आणि काम पुरे केले.

फोन ठेवल्यावर फ्लॉसी हळूच ओटीवर गेली. पेटी बंद करून पुन्हा कपाटावर टाकावी, हा विचार. पण तिथेच थबकली आणि तिने हात हलवून सर्वांना बोलावले.

पेटीत, बेसिलच्या काळ्या कोटावर, बदक बसले होते. पंख फुलवून, डोळे अर्धे मिटून. पाठीवर राजमुकुटाचे लेबल आता वाळून वर वळले होते. बेसिलने कोट ओढायला हात घातला, तेव्हा त्याने चोच उघडून फिस्स केले.

"उठवू नको तिला," शांताराम म्हणाला. "अंड्यावर बसली हाय. आता महिनाभर ती हलत न्हाय."

"पण माझा कोट!"

"कोट कशाला हवा आता?" फ्लॉसी म्हणाली, आणि नाताळच्या गोठ्यासाठी राखलेल्या पेंढ्यातली एक मूठ आणून तिने पेटीच्या कडेने नीट पसरली. दुसरी मूठ बेसिलने तिच्या हातात दिली.